अप्पांचं लाभक्षेत्र

आमचे अप्पाकाका पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, असं खातं म्हणतं. अप्पा म्हणत नाहीत. निरोपसमारंभात त्यांनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं, पुढल्या महिन्यापासून पेन्शनही घेतली; निवृत्ती तेवढी घेतली नाही. खात्याने धरणं, कालवे, चाऱ्या काढून घेतल्यावर, जिथे जिथे काही वाहतं अशा उरलेल्या सगळ्या जागा अप्पांनी ताब्यात घेतल्या. कोथरूडच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अशा जागा कमी नसतात.

पावसाळ्यात पेपर आला की ते आधी धरणसाठ्याचा तक्ता वाचतात. "उजनी अजून मृतसाठ्यातच आहे," हे वाक्य ते दुखवट्याच्या आवाजात उच्चारतात. 105 टीएमसीचं कोयना भरलं की त्या दिवशी त्यांना गोड चालतं. बाथरूममधला नळ गळायला लागला तर ते प्लंबरला फोन करत नाहीत. आधी नळाखाली काकूचं मापाचं भांडं ठेवतात, तासाभरात किती साठलं ते लिहून काढतात, त्याला चोवीसने गुणतात, मग तीनशे पासष्टने गुणतात आणि आलेला आकडा सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवतात. प्लंबर येईपर्यंत गळतीची रीतसर फाइल झालेली असते आणि मापाचं भांडं नसल्यामुळे काकूचा भात अंदाजाने झालेला असतो.

अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ दूधवाल्याच्या कार्डावरची बेरीज दोनदा तपासून शेजारी बारीक टिकमार्क करतो. एसटीतून निवृत्त झालेला लग्नाच्या बसमध्ये डोकी मोजल्याशिवाय गाडी हलू देत नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आलेल्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ लाल पेनाने सुधारून ती परत पाठवायच्या बेतात असतात. या सगळ्यांना अधूनमधून सुट्टी मिळते. अप्पांचं खातं पाण्याचं, आणि पाणी घरात चोवीस तास वाहतं.

मग घरात नात आली. चिऊ.

पहिले पाच महिने अप्पांना काहीच काम नव्हतं. आई आणि बाळ यांच्यातला पुरवठा थेट होता. मधे कालवा नाही, दार नाही, मोजपट्टी नाही. लेक किती प्यायली हे कुणालाच सांगता येत नसे, आणि तरी ती छान बाळसं धरत होती. अप्पांना याने फार अस्वस्थ वाटे.

"मोजमाप नसलेली योजना इतकी सुरळीत चालते कशी?" असं ते काकूला हळूच विचारत.

"खातं नाही म्हणून," काकू म्हणे.

चिऊची आई, आमची वहिनी, बँकेत. 2017 च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली खरी, पण सव्वीस आठवडेही संपतातच. रजा संपायला महिनाभर राहिला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आईचं दूध काढून ठेवा, ते वाटी-चमच्याने पाजता आलं तर उत्तम. बाटली द्यावीच लागली तर सर्वांत हळू येणारं निपल लावा, अंगावर पिणाऱ्या मुलाला सावकाश प्यायची सवय असते. काकूने लगेच चिऊच्या बापाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, बारशात आलेलं चांदीचं बोंडलं काढून घासलं. चिऊने पहिल्याच दिवशी त्याला असा फटका मारला की दूध काकूच्या पदरावर आणि बोंडलं सोफ्याखाली. वाटी-चमच्यालाही तिने तोच न्याय लावला. दिवसभराच्या सांभाळायच्या मावशी ठरल्या होत्या, पण त्यांनाही हात दोनच होते. बाटली आणायचं ठरलं.

"मी आणतो," अप्पा म्हणाले. इतके महिने त्यांनी ज्याची वाट पाहिली होती ते अखेर घडलं होतं. पुरवठ्याच्या मार्गात एक छिद्र आलं होतं.

मेडिकलवाल्याने त्यांच्यासमोर निपलांची पाकिटं मांडली. एस, एम, एल. दुसऱ्या कंपनीची एक, दोन, तीन. एकावर लिहिलेलं तीन महिन्यांपासून, दुसऱ्यावर सहा महिन्यांपासून.

"यांचा विसर्ग किती?" अप्पांनी विचारलं.

"कसला?"

"डिस्चार्ज. मिनिटाला किती मिलीलिटर?"

मेडिकलवाल्याने पाकीट उलटसुलट केलं. "असं नसतं लिहिलेलं. हे स्लो, हे मिडियम, हे फास्ट."

"स्लो म्हणजे किती? कालव्याच्या दारावर 'बऱ्यापैकी उघडा' असं लिहून चालेल का?" अप्पा म्हणाले. "बरं, प्रत्येकातलं एकेक नमुन्याला द्या. चाचणी घेऊन कळवतो."

"नमुना देता येत नाही काका. कायदा आहे, 1992 चा. बाटलीची जाहिरात नाही, फुकट नमुना नाही, भेटवस्तू नाही. आईच्या दुधाच्या आड येऊ नये म्हणून."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. अप्पांचा चेहरा उजळला. या धंद्यालाही कायदा होता! घरी आल्यावर त्यांनी दादाकडून तो काढून घेतला आणि जेवताना सगळ्यांना समजावून सांगितला. "पाहिलंस? बाटलीच्या व्याख्येत नुसती बाटली नाही, तिला लागणारं निपलही येतं आणि व्हॉल्व्हही येतो. कायदा करणारा माणूस इंजिनिअर असला पाहिजे." त्यातला व्हॉल्व्ह आपल्या बाटलीत नेमका कुठे बसला आहे, हे मात्र त्यांनी पाहिलं नाही. व्याख्या वाचली की वस्तू पाहायची राहते, हा सरकारी नोकरीतला जुनाच आजार.

दुसऱ्या दिवसापासून फ्रिजवर एक रजिस्टर लटकलं. वहिनी सकाळी पंपाने दूध काढून डब्यांवर तारीख-वेळ टाकून फ्रिजमध्ये ठेवी. अप्पांनी रजिस्टरचे रकाने आखले: आवक, विसर्ग, उपयुक्त साठा, मृतसाठा. उरलेल्या उष्ट्या दुधाला मृतसाठा. एकदा तोंडाला लागलेल्या बाटलीतलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही, दोन तासांत टाकून द्यायचं, हा नियम त्यांना मनापासून पटलेला नव्हता; ओतताना ते मान दुसरीकडे वळवीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू चहाला आल्या असताना अप्पांनी आतून मोठ्याने सांगितलं, "आजचा साठा चारशे वीस मिली, कालच्यापेक्षा वाढ!" वहिनीने चहाचा कप खाली ठेवला आणि फार गोड आवाजात म्हणाली, "अप्पा, आकडे गोपनीय ठेवू या का?" त्या संध्याकाळपासून रजिस्टर कपाटात गेलं आणि वर 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' अशी चिठ्ठी आली.

बाटलीतून पाजायचं काम मावशींचं आणि काकूचं. बाटली भरून, जोडून, हातात द्यायचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं. पहिल्याच दिवशी रिंग नीट न बसल्याने दूध गळलं आणि अप्पांच्या इस्त्रीच्या लेंग्यावर सांडलं. लेंग्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण गळती! उभ्या नोकरीत ज्या एका शब्दाशी त्यांचं हाडवैर, तो त्यांच्या मांडीवर टपटपत होता. त्यानंतर अप्पा बाटलीची रिंग अशी आवळू लागले की ती उघडायला दादाला बोलवावं लागे. एक थेंब बाहेर येत नसे. अप्पा बाटली उलटी धरून हलवून दाखवत आणि म्हणत, "शून्य गळती."

इकडे चिऊचं पिणं लांबायला लागलं. ती जोर लावून ओढी, गाल आत जात, कपाळावर घाम येई, निपल चपटं होऊन तोंडात मिटे. मग सोडून देई, रडे, पुन्हा धरी. वीस मिनिटांत संपायचं ते पाऊण तास चाले, अर्धी बाटली तशीच राही, आणि दमून झोपलेली पोर तासाभरात भुकेली उठे.

घरात बैठक बसली. काकूचं मत तयार होतं. "भोक बारीक आहे. सुई तापवून जरा मोठं करा. तुमच्या मुलाचं मी तसंच केलं होतं."

अप्पा खुर्चीतून उठले. "अगं, पाट फोडायला सांगतेस? या घरात?" रात्री-अपरात्री कालवा फोडून पाणी वळवणाऱ्यांमागे जीप घेऊन धावण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. "एकदा दार विस्कटलं की मग त्याला माप राहत नाही. व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं. सुईने तू किती मोठं करणार, ते तुला तरी कळणार आहे का?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे सांगायला हवं. तापल्या सुईने वाढवलेल्या भोकाला माप राहत नाही आणि रबर किंवा सिलिकॉन तिथून फाटायला लागतं. पण बरोबर बोलण्याचीही एक पद्धत असते. त्या रात्री काकूने अप्पांना पोळी वाढली नाही, डब्यातून घ्यायला सांगितली.

अप्पांनी मग चाचणी घ्यायची ठरवली. जेवणाच्या टेबलावर दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या दांड्याला बाटली उलटी टांगली. खाली मापाचं भांडं. हातात नातवंडांच्या शर्यतींसाठी म्हणून फार आधी घेऊन ठेवलेलं स्टॉपवॉच. एस निपलातून आधी भराभर थेंब आले, मग मंदावले, मग थांबले. अप्पांनी लिहिलं: 'विसर्ग शून्यावर. निपल मागणीस अपुरे.' त्याआधी जो काही आला होता तो त्यांनी क्युसेकमध्ये बदलून पाहिला. मिनिटाला दहा मिली धरले तर दशांशचिन्हापुढे पाच शून्यं येतात आणि मग एकोणसाठ. हा आकडा त्यांनी दोनदा गिरवला. आपल्या नातीच्या नावावर इतका लहान का होईना, क्युसेकमधला आकडा लागला याचं त्यांना बरं वाटलं असावं.

दादा हिंजवडीहून रात्री नऊला आला. त्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, "अप्पा, अमेरिकेत 2016 साली एक अभ्यास छापून आलाय. बाजारातली वेगवेगळी निपलं मोजली. सगळ्यांत हळू येणारं मिनिटाला दोन मिलीपेक्षाही कमी, आणि सगळ्यांत जोरात येणारं पंच्याऐंशी मिली. पाकिटावरच्या शब्दाचा भरवसा नाही, एका कंपनीचं स्लो दुसऱ्या कंपनीच्या मिडियमएवढं असू शकतं."

"चाळीसपटीहून जास्त!" अप्पा म्हणाले. "आणि याला सगळ्यांचं मिळून एक कोष्टक नाही?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि संधी जास्त होती. ते कोष्टक कुणी करायचं, हे त्यांच्या मनात ठरून गेलं होतं. "वय पाच महिने पूर्ण. पाकिटाप्रमाणे ती एमला पात्र आहे. उद्या एम."

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या हातात स्टॉपवॉच आणि वही, म्हणून बाटली काकूने जोडली. काकूचा हात हलका. एम निपल लावून बाटली तोंडाला गेली, आणि चिऊचे डोळे विस्फारले. भुवया वर. हाताची बोटं पंख्यासारखी फाकली. दोन घोट घटाघट गेले, तिसऱ्याला ठसका, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून दूध गळ्यापर्यंत. काकूने झटकन बाटली काढली, पोरीला उभं धरून पाठ चोळली. अप्पांनी वहीत लिहिलं, 'सांडव्यावरून विसर्ग.' काकूने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते खोडलं.

पुन्हा एस. पुन्हा अप्पांनी स्वतः रिंग आवळली, पुन्हा निपल मिटलं, पुन्हा घाम, पुन्हा रडणं. अप्पा गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. "एसला कोरडा दुष्काळ, एमला ओला दुष्काळ," ते मला म्हणाले. "मधलं माप बाजारात नाही. एस आणि एमच्या मधे एक हवं." त्या काळात अप्पांनी गिऱ्हाईक म्हणून निपलाच्या कंपनीला एक पत्र लिहायला घेतलं होतं. त्यात छिद्र, त्याचा गुणांक, बाटलीतल्या दुधाची उंची, आणि दूध संपत येईल तशी उंची कमी होऊन विसर्ग कसा घटतो, हे सगळं सूत्रांसह होतं. नातीचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता, 'सदर लाभधारक' म्हणून.

या सगळ्यात एक माणूस गप्प होतं. मावशी. इंदापूर तालुक्यातल्या, कालव्याच्या अगदी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, गावच्या. नवऱ्याच्या तीन एकरांना पाणी कधी यायचं, कधी नाही. कधी यायचं तेव्हा रात्री दोनला. अप्पांना मावशींबद्दल आदर होता, कारण पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म म्हणजे काय हे सांगावं न लागणारं कोथरूडमधलं ते एकमेव माणूस. मावशींना अप्पांबद्दल आदर होताच, पण त्यांनी आयुष्यात इंजिनिअर पुष्कळ पाहिले होते.

एक दिवस दुपारी अप्पा टेबलावर चाचणी घेत असताना चिऊ रडायला लागली. मावशींनी तिला कडेवर घेतलं, अप्पांच्या हातातली बाटली काढून घेतली, रिंग सोडवायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून पदर धरून जोर लावला. ती कर्र करून अर्धा आटा सैल झाली. त्याबरोबर बाटलीतून बुडबुड्यांची माळ वर गेली आणि चपटं पडलेलं निपल टक् करून उभं राहिलं. मावशींनी बाटली चिऊच्या तोंडाला लावली. पोर प्यायला लागली. ओढ, गिळ, श्वास. ओढ, गिळ, श्वास. निपल तेच. एस.

अप्पा बघत राहिले.

"तुम्ही टोपन लय आवळताय अप्पा," मावशी म्हणाल्या. "हवा जाया नगं का आत? दूध भाईर यायचं तर त्येच्या जागी कायतरी आत गेलं पायजे."

अप्पांनी चष्मा काढला. पुसला. निपल घेऊन उजेडाला धरलं. निपलाच्या बुडाशी, कडेला, टाचणीच्या टोकाएवढी एक फट होती. हवेची वाट. कायद्यातल्या व्याख्येतला व्हॉल्व्ह. रिंग गच्च आवळली की तो दबून बंद होतो, बाटलीत पोकळी तयार होते, आणि मूल जितकं ओढेल तितकं निपल आत मिटतं.

"एअर व्हेंट," ते पुटपुटले.

हे शब्द त्यांनी कसे उच्चारले हे समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. धरणाच्या विमोचकात दाराच्या लगेच मागे हवेची एक नळी ठेवलेली असते. ती नसेल किंवा तुंबली, तर वेगाने सुटणाऱ्या पाण्यामागे पोकळी होते, दार हादरतं, काँक्रीट कुरतडलं जातं. हाताखालच्या पोरांना अप्पा पहिल्याच दिवशी ती नळी दाखवायला नेत आणि विचारत, "ही कशासाठी?" ज्याला सांगता आलं नाही त्याला दुपारचं जेवण उशिरा मिळे. आणि त्याच अप्पांनी, शून्य गळतीच्या हट्टापायी, स्वतःच्या नातीचा एअर व्हेंट आठवडाभर स्वतःच्या हाताने बंद ठेवला होता.

काकू काही बोलली नाही. तिने त्या रात्री गरम पोळी वाढली. अप्पांना ते जास्त लागलं.

रिंग बोटाने सहज उघडेल इतकीच लावायची, असं ठरलं. चिऊ एस निपलावर वीस-पंचवीस मिनिटांत निवांत प्यायला लागली. दुसरा माणूस इथे थांबला असता. पण अप्पा त्या दिवशी संध्याकाळी मावशींना थांबवून म्हणाले, "मावशी, तुमच्या चारीला पाणी आलं की नाही, हे तुम्ही कसं ओळखायचा? आमचं गेज बघून?"

"गेज कुनी बघितलाय? वरनं सोडलं सोडलं म्हनायचे. आमी पिकाकडं बघायचो."

टेलच्या शेतकऱ्याने हेच वाक्य अप्पांना नोकरीत शंभरदा ऐकवलं असेल; तेव्हा ते अर्जावर शेरा मारून पुढे जात. या खेपेला शेरा मारायला अर्ज नव्हता. मांडीवर चिऊ होती. दुसऱ्या दिवशी रजिस्टरचे रकाने बदलले. विसर्ग गेला, साठा गेला. नवे रकाने आले: भुवया. बोटं. गाल. श्वास. ओठांच्या कडा. गिळण्याचा आवाज. आणि शेवटचा, 'लाभधारकाचे म्हणणे'. त्यात पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'समाधानी. निपल चावले.'

पुढे जवळजवळ दोन महिन्यांनी, चिऊ पेज, मऊ भात खायला लागल्यावर, खरोखरच एमची वेळ आली. या वेळी अप्पांनी घाई केली नाही. रिंग सैल, हवा जातेय, निपल चिकट नाही, फाटलेलं नाही, हे आधी पाहिलं. तरी ती पुष्कळ वेळ ओढत राही, ओढण्याच्या मानाने गिळणं कमी, मधेच चिडून निपल ओढून धरी, आणि हे एखाद्या दिवशी नाही, रोज, सगळ्या वेळांना. सर्दी नव्हती, दात येत नव्हते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी वजन केलं आणि हो म्हटलं.

तेव्हा अप्पांनी पुन्हा बैठक घेतली. पण या बैठकीत भाषण मावशींचं झालं आणि अप्पा टिपण घेत होते. आधी दिवसातून एकदाच एम, तेही दुपारी, पोर फार भुकेली नसताना आणि घरातलं माणूस जागं असताना. बाटली उभी नाही, आडवी धरायची, निपल जेमतेम भरेल इतकी. पोरीला निजवून नाही, बसतं धरून. चार-पाच घोटांनी बाटली खाली करून दम घेऊ द्यायचा. ठसका लागला, बोटं फाकली, दूध ओघळलं की परत एस. आठवड्याने पुन्हा बघू. त्यात हरल्यासारखं काही नाही.

"विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला 1903 मध्ये आपोआप उघडणारी दारं बसवली," अप्पा मला म्हणाले. "पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दार आपलं आपण उघडतं, उतरलं की मिटतं. वर माणूस उभा करावा लागत नाही. हिच्या जिभेला तसं दार आहे. आपण बाटली उभी धरून वरून ढकलतो, म्हणून ते चालत नाही." हे सांगताना त्यांनी विश्वेश्वरय्यांचं नाव घेतलं तेव्हा कानाला हात लावला, आणि मावशींकडे पाहिलं तेव्हा नुसती मान लववली. खात्याच्या शिष्टाचारात या दोन्हींत फारसं अंतर नाही.

आता बिल्डिंगमधल्या नव्या आईबापांत अप्पांचं नाव झालं आहे. जिन्यात गाठून कुणी ना कुणी विचारतो, "अप्पा, चौथा महिना लागला, नंबर बदलायचा का?" पूर्वीचे अप्पा असते तर कोष्टक काढून दाखवलं असतं. आताचे अप्पा उलटतपासणी घेतात. किती वेळ पिते? पिऊन झाल्यावर मुठी उघड्या असतात की आवळलेल्या? निपल मिटतं का? कोण पाजतं? आणि पाजणाऱ्याला विचारलंत का? शेवटी सांगतात, "निवांत पीत असेल तर नंबर बदलू नका. एसवर वर्ष काढलं म्हणून मूल मागे पडत नाही; मोठ्या निपलावर जाणं म्हणजे शाळेचा वर्ग चढणं नाही. आणि डॉक्टर जवळ असताना मला कशाला विचारता?" मग दोन पायऱ्या उतरून परत वळतात आणि म्हणतात, "पण रिंग मला एकदा दाखवा."

चाचणीचं सामान त्यांनी आवरलं आहे. कंपनीला लिहिलेलं पत्र पाठवलं नाही. गळक्या नळाची फाइल मात्र अजून चालू आहे, कारण माणूस सुधारतो तो एका खात्यापुरता. चिऊ आता ग्लासातून पाणी पिते आणि निम्मं सांडते. अप्पा त्याची नोंद ठेवत नाहीत, असं काकू सांगते. मला पूर्ण खात्री नाही.

पाकिटावरचा महिना आणि अक्षर हा कंपनीचा अंदाज असतो, त्यात तुमचं मूल मोजलेलं नसतं. नंबर वाढवायचा की नाही हे मुलाच्या तोंडाकडे, बोटांकडे आणि श्वासाकडे बघून ठरतं, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारून. तुमच्याही घरात असे एखादे अप्पा असतील, तर त्यांच्या ज्ञानाचा मान राखा, त्यांची सूत्रं ऐकून घ्या, चहा द्या. फक्त बाटली त्यांच्या हातून आली की रिंग अर्धा आटा सैल करून घ्या.